कराचीवरील चढाई आणि ‘खुकरी’चे बलिदान

४ डिसेंबर हा दिवस प्रतिवर्षी नौदल दिन म्हणून साजरा केला जातो. १९७१ साली याच दिवशी रात्री भारतीय नौदलाने कराची बंदरावर चढाई केली. या चढाईत वापरलेल्या नौका मुळात अशा दूरच्या मोहिमेसाठी बांधलेल्या नव्हत्या, हे तिचे वैशिष्ट्य होय.

रक्षणाच्या नौका, चढाईचे काम

सोविएत संघाकडून घेतलेल्या या क्षेपणास्त्र नौका आकाराने लहान होत्या. प्रत्येकीवर चार क्षेपणास्त्रे असत. त्यांचा वेग मोठा, परंतु इंधनसाठा बेताचा. म्हणून किनाऱ्याचे व बंदरांचे रक्षण हेच त्यांचे काम मानले जाई. त्यांचे वजन पेलणारी यारी कलकत्ता बंदरात असल्याने त्या तेथे उतरविण्यात आल्या व पुढे मोठ्या जहाजांमागे बांधून समुद्रमार्गे मुंबईस आणल्या गेल्या. लहान नौका अशा रीतीने दूरवर नेता येतात, हे या प्रवासाने दाखवून दिले.

४ डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ व ‘वीर’ या तीन नौका, ‘किल्तान’ व ‘कच्छल’ या जहाजांच्या सोबतीने, कराचीनजीक पोहोचल्या. ‘निर्घात’ने ‘खैबर’ ही विनाशिका, तर ‘वीर’ने ‘मुहाफिज’ ही सुरुंग काढणारी नौका बुडविली. ८ डिसेंबरच्या रात्री ‘विनाश’ने पुन्हा मारा केला आणि कराचीतील तेलाच्या टाक्या पेटल्या. या दोन्ही चढायांत भारताची एकही नौका कामी आली नाही.

विजयाचे मोल

तथापि ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’ने ‘खुकरी’ ही युद्धनौका पाणतीर मारून बुडविली. पाणबुडीचा माग काढणाऱ्या ‘खुकरी’वरील ध्वनियंत्रणेचा पल्ला अपुरा होता. १८ अधिकारी व १७६ नौसैनिक जहाजाबरोबर गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी अखेरपर्यंत जहाज सोडले नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले.

मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली दुसरी ‘खुकरी’ १९८९ साली नौदलात दाखल झाली. २०२१ साली निवृत्त झाल्यावर ती स्मारक म्हणून दीव येथे ठेवण्यासाठी देण्यात आली. नौदल दिनी विद्यार्थ्यांना कराचीची कथा सांगताना दीवच्या समुद्रात विसावलेल्या या १९४ वीरांचेही स्मरण करून द्यावयास हवे.