परदेशी शिकणारी आपली मुले आणि त्यांचे कागदपत्र

लातूर आणि नांदेड ही शहरे आज साऱ्या महाराष्ट्रात परीक्षांच्या तयारीची केंद्रे म्हणून ओळखली जातात. 'लातूर पॅटर्न' हा शब्द घराघरांत पोहोचला आहे. नीटच्या तयारीसाठी दरवर्षी हजारो मुले येथे येऊन राहतात. परंतु शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील जागा मोजक्या आणि खाजगी महाविद्यालयांचे शुल्क सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे, त्यामुळे अनेकांची पावले रशिया, किरगिझस्तान, जॉर्जिया, फिलिपिन्स, बांगलादेश अशा देशांकडे वळतात. अभियांत्रिकीची पदवी घेतलेली मुले अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, जर्मनी येथे पुढील शिक्षणासाठी जातात. आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबेही याला अपवाद नाहीत. कोणी शेत गहाण टाकते, कोणी बँकेचे कर्ज काढते. प्रवेश आणि व्हिसा मिळेपर्यंत सारे घर धावपळ करते; मूल विमानात बसले की कागदपत्रांचे प्रकरण मिटले, अशी आपली समजूत असते. ही समजूत किती महागात पडू शकते, हे पालकांनी आणि मुलांनी जाणून घ्यावे म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

प्रथम एक मूलभूत गोष्ट स्पष्ट करून घेऊ. व्हिसा म्हणजे त्या देशाच्या दारात उभे राहून आत येण्याची परवानगी मागण्याचा अधिकार. आत गेल्यावर किती दिवस राहायचे, काय करायचे आणि काय करायचे नाही, हे ठरते ते तेथील वास्तव्याच्या दर्जावरून. पासपोर्टवरील व्हिसाची मुदत शिल्लक असतानाही विद्यार्थ्याचे वास्तव्य बेकायदेशीर ठरू शकते, आणि उलटपक्षी काही देशांत व्हिसाची मुदत संपूनही वास्तव्य कायदेशीर असू शकते. घरी बसलेल्या पालकांचा सर्वांत मोठा गोंधळ येथेच होतो.

अमेरिकेचे उदाहरण घेऊ. तेथे पूर्ण वेळ विद्यापीठीय शिक्षणासाठी जाणाऱ्यांना एफ-१ व्हिसा मिळतो. विद्यापीठ आय-२० नावाचे पत्र देते आणि विद्यार्थ्याची नोंद 'सेविस' या सरकारी संगणक यंत्रणेत ठेवली जाते. अभ्यासक्रम सुरू होण्याआधी ३० दिवसांपेक्षा लवकर तेथे उतरता येत नाही. पूर्ण वेळ शिक्षण चालू ठेवणे बंधनकारक असते. पदवीच्या विद्यार्थ्याला साधारणपणे प्रत्येक सत्रात किमान १२ क्रेडिट घ्यावे लागतात. विषय कठीण वाटला म्हणून स्वतःच्या मर्जीने एखादा सोडून दिला आणि संख्या कमी झाली, तर दर्जा जातो. आजारपणासारखे योग्य कारण असेल तर सवलत मिळते, पण ती आधी विद्यापीठातील नेमलेल्या अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावी लागते. पत्ता बदलला तर १० दिवसांत कळवावे लागते. विद्यापीठाच्या आवारात सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. बाहेरच्या उपाहारगृहात किंवा पेट्रोल पंपावर रोख पैशांवर केलेले काम मात्र, ते कितीही थोडे असो, दर्जा घालवणारे ठरते. कर्जाचे हप्ते डोळ्यांसमोर असलेला मुलगा हा मोह टाळेल अशी अपेक्षा करणे सोपे नाही. म्हणूनच जाण्यापूर्वीच खर्चाचा हिशेब प्रामाणिकपणे मांडावा, असे आम्हांस वाटते.

सुट्टीत घरी यायचे असेल तर आय-२० वर त्या अधिकाऱ्याची प्रवासासाठीची सही असावी लागते. शिकत असलेल्या विद्यार्थ्यासाठी ती एक वर्ष चालते. सही न घेता आलेली मुले परतताना विमानतळावर अडचणीत येतात. शिक्षण पूर्ण झाल्यावर देश सोडण्यासाठी, पुढील प्रवेश घेण्यासाठी किंवा दर्जा बदलण्यासाठी ६० दिवसांची मुदत मिळत आली आहे. एफ-१ विद्यार्थ्यांना पूर्वापार ठराविक तारखेऐवजी 'अभ्यासक्रम चालू असेपर्यंत' अशी परवानगी दिली जात असे. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील शासनाने ही पद्धत बंद करून ठराविक मुदत देण्याचा प्रस्ताव मांडला. तेव्हा निघण्यापूर्वी त्या वेळी लागू असलेला नियम विद्यापीठालाच विचारावा. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या शेजाऱ्याच्या मुलाचा अनुभव आज उपयोगी पडेलच असे नाही. एप्रिल २०२५ मध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या सेविस नोंदी अचानक रद्द करण्यात आल्या. अनेकांच्या बाबतीत कारण वाहतुकीच्या नियमभंगासारखे किरकोळ होते. न्यायालयांत दावे दाखल झाल्यावर त्याच महिन्याच्या अखेरीस नोंदी परत करण्यास सुरुवात झाली. ज्यांच्यापाशी हजेरी, शुल्क आणि निकालाचे कागद व्यवस्थित होते, त्यांना आपली बाजू मांडणे सोपे गेले असणार हे उघड आहे.

दलालांविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद या सीमेवरील तालुक्यांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळचे; १९५६ पर्यंत तर सारा मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. साहजिकच परदेशी शिक्षणाचे सल्लागार शोधत आपली कुटुंबे तिकडेही जातात. याच तेलुगू भाषिक पट्ट्यातील अनेक विद्यार्थी दोन मोठ्या प्रकरणांत सापडले. जानेवारी २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठ हे व्हिसाचे दुकान असल्याचे उघड झाले आणि काही भारतीय विद्यार्थ्यांच्या घोट्याला मागोवा घेणारी यंत्रे बांधण्यात आली. जानेवारी २०१९ मध्ये मिशिगन राज्यातील फार्मिंग्टन विद्यापीठाचे प्रकरण तर याहून विलक्षण होते. ते विद्यापीठ तेथील सरकारी यंत्रणेनेच जाळे म्हणून उभे केले होते. वर्ग नाहीत, शिक्षक नाहीत, केवळ नोंदणी करून काम करण्याची सोय. त्यात १२९ भारतीयांना ताब्यात घेण्यात आले. शासनाने असे जाळे लावणे योग्य की अयोग्य यावर मतभेद आहेत, आणि आम्हांलाही त्याविषयी शंका आहे. परंतु वर्गच न भरणारे विद्यापीठ हे विद्यापीठ नव्हे, एवढे ओळखणे विद्यार्थ्याच्याही हाती होते. कॅनडात २०२३ मध्ये बनावट प्रवेशपत्रांचे प्रकरण गाजले. दलालाने दिलेले पत्र खोटे निघाले आणि वर्षानुवर्षे तेथे राहिलेल्या पंजाबी मुलांवर हद्दपारीची टांगती तलवार आली. त्यानंतर १ डिसेंबर २०२३ पासून कॅनडाचे शासन प्रत्येक प्रवेशपत्राची संस्थेकडून खातरजमा करून घेऊ लागले. आपणही तेच करावे. प्रवेशपत्र हाती आल्यावर संस्थेच्या अधिकृत पत्त्यावर स्वतः लिहून विचारावे, आणि अर्जावर दलालाचा नव्हे तर विद्यार्थ्याचा स्वतःचा ईमेल पत्ता द्यावा.

वैद्यकीय शिक्षणासाठी जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना दोन देशांचे कायदे एकाच वेळी सांभाळावे लागतात. रशियात पोहोचल्यावर मिळणारे स्थलांतर कार्ड जपून ठेवावे लागते आणि सात कामकाजी दिवसांत राहत्या पत्त्याची नोंदणी व्हावी लागते. वसतिगृहात राहणाऱ्यांची नोंदणी संस्था करते. पण स्वस्त पडते म्हणून मित्रांसोबत बाहेर खोली घेणाऱ्या मुलांची नोंदणी अनेकदा राहून जाते. इकडे भारतात, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे परदेशातील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा आणि संपूर्णपणे एकाच संस्थेत झालेला असावा लागतो. त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता आणि त्या देशात तेथील नागरिकांप्रमाणे वैद्यकी करण्याचा परवाना मिळण्याची पात्रताही लागते. जाण्यापूर्वी नीट उत्तीर्ण असणे अनिवार्य आहेच. याचा अर्थ असा की, तिसऱ्या वर्षी व्हिसाचे नूतनीकरण चुकले आणि मुलाला देश सोडावा लागला, तर दुसऱ्या देशात उरलेली वर्षे पूर्ण करून डॉक्टर होता येईल असे गृहीत धरता येत नाही. एका कागदाच्या हलगर्जीपणाची किंमत येथे सारी पदवी असते.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर आक्रमण झाले तेव्हा आपल्या मराठवाड्यातील मुलेही तेथे अडकली होती. 'ऑपरेशन गंगा'द्वारे ती परत आली. अनेकांची मूळ प्रमाणपत्रे मात्र तेथील विद्यापीठांच्या कपाटांत राहिली. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने या विद्यार्थ्यांपुरती इतर देशांत शिक्षण पूर्ण करण्यास संमती दिली, तेव्हाही कागदपत्रांसाठी पुष्कळ मुलांना धडपड करावी लागली. मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये जमावाने परदेशी विद्यार्थ्यांवर हल्ले केले, त्या वेळी भारतीय दूतावासाने मुलांना घरातच थांबण्यास सांगितले होते. अशा प्रसंगी दूतावासापाशी आपल्या मुलाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक असेल तरच त्याच्यापर्यंत पोहोचता येते. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या संकेतस्थळावर विद्यार्थ्यांसाठी नोंदणीची सोय आहे. पोहोचल्या आठवड्यातच ती करावी.

आता घरच्या तयारीकडे वळू. पासपोर्टच्या पहिल्या पानावरील मुदत पाहून घ्या. अज्ञान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षे किंवा वय १८ होईपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तेवढाच चालतो. १५ ते १८ वयोगटात मात्र पूर्ण दहा वर्षांचा मागता येतो. बारावीत घाईने काढलेला पासपोर्ट सहा वर्षांच्या अभ्यासक्रमाला पुरत नाही, आणि परदेशात पासपोर्ट संपला की वास्तव्याचा परवानाही अडतो.

नावांचा घोळ हा तर आपल्या समाजाचा जुना आजार आहे. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळेत शिक्षकांनी लिहिलेले दुसरे, आधार कार्डावर तिसरेच स्पेलिंग. गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव. पासपोर्टवर मात्र आडनावाची आणि नावाची वेगवेगळी जागा. काही कुटुंबांत आडनाव लिहिण्याची रीतच नसते. पासपोर्टवर नावाची जागा कोरी राहिली, तर अमेरिकेच्या व्हिसावर तेथे 'नाव अज्ञात' अशा अर्थाची इंग्रजी आद्याक्षरे छापली जातात आणि बँकेपासून वाहन परवान्यापर्यंत तीच मुलाच्या मागे लागतात. बाप्तिस्म्याचा दाखला चर्चच्या कामासाठी मोलाचा आहे. पासपोर्टच्या बाबतीत शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र किंवा नगरपालिका, ग्रामपंचायतीचा जन्मदाखला पाहिला जातो. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांसाठी तर जन्मदाखलाच लागतो. तेव्हा धर्मगुरूंकडून नोंदवहीत दुरुस्ती करून घेतली म्हणजे काम झाले असे समजू नये. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेतील दुरुस्तीचा अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांसाठी ते मंडळ लातूरलाच आहे. नाव मुळातच बदलायचे असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी लागते. हे सर्व पासपोर्ट काढण्यापूर्वी उरकावे, नंतर नव्हे.

शैक्षणिक प्रमाणपत्रांवर अपोस्टिल लागते. भारत या आंतरराष्ट्रीय कराराचा २००५ पासून सदस्य आहे. आधी राज्य शासनाची पडताळणी आणि नंतर परराष्ट्र मंत्रालयाची मोहोर, असा क्रम आहे. यात काही आठवडे जाऊ शकतात. मूळ प्रमाणपत्र परदेशी संस्थेकडे ठेवावे लागलेच तर त्याची लेखी पोच घ्यावी.

पासपोर्ट हरवल्यास प्रथम तेथील पोलिसांत तक्रार, मग दूतावासात अर्ज. दूतावास देतो ते तातडीचे प्रमाणपत्र केवळ भारतात परतण्यासाठी असते. शिक्षण चालू ठेवायचे तर नवा पासपोर्टच मागावा आणि त्यावर व्हिसा किंवा परवाना पुन्हा नोंदवून घ्यावा. यासाठी पासपोर्ट, व्हिसा, प्रवेशपत्र, शुल्काच्या पावत्या आणि नोंदणीचा कागद यांच्या प्रती घरी आईवडिलांपाशी असाव्यात, आणि प्रत्येकाची मुदत संपण्याची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तीन महिने आधीच्या पानावर लिहून ठेवावी.