पोकेमॉनच्या लढतीत नव्याने उतरताय?
लेव्हल वाढवत बसण्याआधी टाइप ओळखायला शिका. ब्रॉकच्या जिममधला ऑनिक्स खडक आणि जमीन अशा दोन टाइपचा. पाण्याची किंवा गवताची मूव्ह त्याला दोन्हीकडून झोंबते, म्हणजे चौपट मार! त्यात मूव्ह पोकेमॉनच्या स्वतःच्याच टाइपची असली की ताकद आणखी दीडपट. म्हणूनच स्क्वर्टल किंवा बल्बासोर घेणाऱ्यांना ते जिम सोपं जातं.

नुसत्या ताकदीच्या आकड्याला भुलू नका. सध्याच्या गेम्समध्ये हायड्रो पंपची ताकद ११०, पण नेम ८० टक्केच. सर्फची ९०, नेम मात्र १०० टक्के. मी तर डोळे झाकून सर्फच घेते.

आणि हो, पोकेमॉन बदलण्यात एक पाळी जाते, त्यामुळे समोरच्याचा अंदाज घेऊनच बदला. पिकाचूवर जमिनीची मूव्ह येणार असं वाटलं तर उडणाऱ्या टाइपच्या पिजीला आत आणा. जमिनीची मूव्ह त्याला लागतच नाही, फटका शून्य!