बोअर युद्ध : शेतकऱ्यांच्या ‘माऊझर’ने ब्रिटिशांना रायफल बदलायला कशी लावली?

डिसेंबर १८९९. दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश सैन्य सहा दिवसांत तीन लढाया हरलं. १० तारखेला स्टॉर्मबर्ग, ११ ला माखर्सफोन्टेन आणि १५ ला कोलेन्सो. ब्रिटनमध्ये याला ‘काळा आठवडा’ म्हटलं गेलं. समोर होते कोण? बहुतांश डच वंशाचे शेतकरी, म्हणजेच बोअर. कोलेन्सोच्या जखमींना उचलून नेणाऱ्यांत मोहनदास गांधींनी उभी केलेली सुमारे ११०० भारतीयांची तुकडीही होती.

बोअरांकडे ही रायफल आली कुठून?

१८९५ च्या अखेरीस ट्रान्सवालमध्ये सत्तापालट घडवण्यासाठी जेमसनच्या नेतृत्वाखाली सशस्त्र तुकडी घुसली. तो डाव फसला, पण राष्ट्राध्यक्ष पॉल क्रूगर सावध झाले. जुन्या एकबारी मार्टिनी-हेन्री रायफली पुरणार नव्हत्या. त्यांनी जर्मनीतून हजारो ७ मिमी माऊझर मागवल्या.

दोन्ही रायफलींत फरक काय?

फरक होता गोळ्या भरण्यात. माऊझरच्या पाच गोळ्या एका धातूच्या पट्टीत अडकवलेल्या असत. पट्टी वर टेकवायची, अंगठ्याने दाबायचं, पाचही गोळ्या एका झटक्यात आत.

ब्रिटिशांच्या ली-मेटफर्ड आणि ली-एनफिल्डमध्ये एकूण गोळ्या जास्त मावत, पण त्या एकेक करून भराव्या लागत. मॅगझिनमधला साठा अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवायचा, अशीच सैनिकांना शिकवण होती. शिवाय माऊझरची गोळी लांबवर जास्त सरळ रेषेत जायची.

मग सगळी करामत रायफलीचीच का?

नाही. बिनधुराच्या दारूमुळे गोळी कुठून आली ते कळत नसे. माखर्सफोन्टेनला बोअरांनी टेकडीवर नाही, तर पायथ्याशी खंदक खणले. ब्रिटिश तोफा टेकडीच भाजत राहिल्या आणि दाटीवाटीने पुढे आलेले सैनिक थेट माऊझरसमोर सापडले.

तरीही युद्ध बोअर हरले. ब्रिटनने लाखोंचं सैन्य उतरवलं, शेतं-घरं जाळली, बायका-मुलांना छावण्यांत कोंडलं. तिथे रोगराई आणि उपासमारीने हजारो बोअर आणि कृष्णवर्णीय माणसं मेली. ३१ मे १९०२ रोजी तह झाला.

याचा आपल्याशी काय संबंध?

ब्रिटिशांनी धडा घेतला. नवी, आखूड ली-एनफिल्ड आली. मॅगझिन दहा गोळ्यांचं, पण भरायची पद्धत माऊझरसारखी, पाच-पाचच्या पट्टीने. हीच आपली ‘थ्री नॉट थ्री’. पहिल्या महायुद्धात ती भारतीय जवानांच्या हाती होती. ती पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातही बनली आणि पुढे पोलिसांच्या खांद्यावर आली.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकात अतिरेक्यांकडे एके-४७ होत्या. आणि त्यांना सामोऱ्या गेलेल्या काही पोलिसांच्या हातात होती, बोअर युद्धाच्या धड्यांतून घडलेली तीच थ्री नॉट थ्री.