मावेजा, गुत्तेदार आणि यंत्राचा कान

माणसाचे बोलणे यंत्राच्या कानावर शब्द म्हणून पडत नाही. त्याला हवेच्या दाबातले चढउतार तेवढे मिळतात. साध्या फोनवरचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो आणि यंत्राच्या हाती नुसती आकड्यांची माळ येते. त्या माळेचे साधारण २५ मिलिसेकंदांचे, एकमेकांवर थोडे चढलेले तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात कोणत्या कंपनांचा जोर किती आहे ते काढायचे आणि त्यावरून हा ‘त’ असेल की ‘थ’, असा अंदाज बांधायचा. अंदाजांची साखळी जुळली की कुठे एक शब्द बनतो. उलट बाजूचे काम, म्हणजे लिहिलेला मजकूर बोलून दाखवणे, सोपे वाटते. पण मराठीत तेही सोपे नाही.

कारण आपली लिपी सगळे सांगत नाही. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे पाण्याचे भांडे, दोन्हींचा ‘ज’ निराळा. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ही निराळा. लिहिताना फरक दिसत नाही, बोलताना कोणी चुकत नाही. ‘शेतकरी’ लिहायचे आणि ‘शेत्करी’ म्हणायचे, हेही आपण कुठे शिकलेलो नसतो. यंत्राला मात्र हे नियमाने तरी शिकवावे लागते, नाहीतर भरपूर नमुने ऐकवून.

मराठवाड्यात या विषयाचे काम उभे राहिले ते औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात. संतोष गायकवाड, भारती गवळी आणि प्रवीण यन्नावार यांचा वाणी-ओळखीच्या तंत्रांचा आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सुटे मराठी शब्द ओळखण्याचे प्रयोगही तेथे झाले. त्यांतली एक पद्धत समजायला सोपी आहे. एकच माणूस ‘सोयाबीन’ कधी झटकन म्हणतो, कधी ओढून. तेव्हा नव्याने आलेला आवाज रबरासारखा कुठे ताणून, कुठे आखडून साठवलेल्या नमुन्यावर बसवून पाहायचा. ज्या नमुन्यावर कमीत कमी ओढाताणीत बसेल, तो शब्द. शंभर शब्दांपुरती ही युक्ती चालते. वाक्य आले की ती अपुरी पडते.

याच विभागात पुखराज श्रीश्रीमाळ, रत्नदीप देशमुख आणि विशाल वाघमारे यांनी शेतीच्या कामासाठी सुट्या मराठी शब्दांचा ध्वनिसंग्रह तयार केला. त्यावरचा लेख २०१२ चा. त्याच सुमारास आयआयटी मुंबई आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी एका देशव्यापी प्रकल्पातील मराठीचा भाग हाती घेतला होता. शेतकऱ्याने फोनवर जिल्हा व मालाचे नाव बोलायचे आणि यंत्राने त्या दिवसाचा भाव सांगायचा, अशी ती कल्पना. त्यासाठी राज्यभरच्या शेतकऱ्यांचे आवाज मोबाइलवरच टिपले गेले. हे शहाणपणाचे होते, कारण बंद खोलीत नमुने घेऊन शिकलेले यंत्र एसटी स्टँडवर बहिरे होते.

भाव हा प्रकार वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. समजा, लातूरच्या अडत बाजारात सोयाबीनचा भाव ‘पावणेपाच हजार’ म्हणून सांगितला गेला. आकडा ४,७५०. पण घाईच्या बोलण्यात ‘पावणे’ दबून जाते, ‘पाच हजार’ ठळक उरते. यंत्राने तेवढेच पकडले, तर क्विंटलमागे २५० रुपयांचा फरक पडला. ३० क्विंटलांवर ७,५०० रुपयांचा. सव्वा, दीड, अडीच, साडे ही आपली मापे शब्दशः लिहून घेणे पुरत नाही, त्यांचा हिशेबही यंत्राला यावा लागतो.

त्यातून मराठी ही एकच बोली नाही. पुस्तकातले ‘मी करत आहे’ हे लातूरकडे ‘करायलो’ होते, नांदेडकडे ‘करूलालो’ कानावर येते. पाणी ‘पानी’ होते. मराठवाड्याच्या शब्दसंग्रहावर निजामी राजवटीची छाप अजून आहे. भरपाई म्हणजे ‘मावेजा’, कंत्राटदार म्हणजे ‘गुत्तेदार’, जमिनीच्या जुन्या वादात ‘खासरा’ निघतोच. इथल्या वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत हे शब्द कोणी समजावून सांगत नाही. पुण्यातल्या मजकुरावर पोसलेल्या यंत्राला मात्र ‘गुत्तेदार’ कधी भेटलेलाच नसतो, आणि न भेटलेल्या शब्दाच्या जागी ते ओळखीचा कुठला तरी शब्द ठोकून देते.

नोंदीतून हा भाग सुटण्याची ही पहिली वेळ नव्हे. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ साली निघाला. पण त्या सर्वेक्षणाच्या कक्षेत हैदराबाद संस्थान नव्हते. नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा त्या संस्थानातच होते.

वर सांगितलेल्या प्रयोगांनंतर यंत्राची शिकण्याची रीत बदलली. नियम आणि नमुन्यांची जागा मोठ्या न्यूरल जाळ्यांनी घेतली आणि प्रश्न उरला तो किती तास ऐकवले याचा. ओपनएआयने २०२२ मध्ये काढलेली ‘व्हिस्पर’ ही प्रणाली ६,८०,००० तासांच्या ध्वनीवर घडली. त्यात मराठी लेखनासह असलेली मराठी वाणी तासभरही नव्हती. आयआयटी मद्रासच्या ‘एआयफॉरभारत’ गटाने आकाशवाणीच्या बातमीपत्रांतून १२ भाषांचा ६,४०० तासांवरचा ‘श्रुतलिपी’ संग्रह काढला. त्यात मराठी आहे, पण ती निवेदकाची मराठी. बातमी वाचणारा ‘करूलालो’ म्हणत नाही. त्याच गटाचा ‘इंडिकव्हॉइसेस’ लोकांच्या सहज बोलण्याकडे वळला, मात्र राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपुरता. नांदेड जिल्ह्यातल्या तांड्यांवरची लमाणी त्या यादीत नाही. किनवट-माहूरकडची गोंडी आणि कोलामीही नाही.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने गूगलच्या साहाय्याने चालवलेल्या ‘वाणी’ प्रकल्पाची मांडणी याहून वेगळी आणि अधिक पटणारी आहे. तेथे मोजणीचे एकक भाषा नसून जिल्हा आहे. माणसाला एक चित्र दाखवतात आणि त्यावर मनाला येईल ते बोलायला सांगतात. ध्येय आहे देशातल्या सगळ्या जिल्ह्यांतून दीड लाख तासांवर ध्वनी जमवण्याचे. देगलूर-बिलोलीत मराठी वाक्यात तेलुगू शिरते, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, आणि दखनी उर्दू तर सगळीकडेच. अशा ठिकाणी कागदावर ठरवलेल्या भाषेपेक्षा जिल्ह्याची हद्द अधिक प्रामाणिक चाळणी ठरते.

असे काम करू शकतील अशा संस्था इथेही आहेत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ ची. विष्णुपुरीच्या आवारात भाषा, वाङ्मय व संस्कृती अभ्यास संकुल आहे, तसे संगणकशास्त्राचेही आहे. १९८१ पासूनची श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था जवळच, आणि लातूरला विद्यापीठाचे उपकेंद्र. वाणी-ओळखीच्या कामाला या सगळ्यांची गाठ पडावी लागते, कारण ध्वनी टिपण्यापेक्षा तो लिहून काढणे जिकिरीचे असते. एक तासाचे बोलणे उतरवायला अनेक तास जातात आणि दर वाक्याला निर्णय घ्यावा लागतो. बोलणारा ‘पानी आनूलालो’ म्हणाला, तर तसेच लिहायचे की ‘पाणी आणत आहे’ असे? शुद्ध करून लिहिले तर ध्वनी आणि अक्षर यांची जोडी तुटते आणि यंत्र चुकीचे शिकते. जसेच्या तसे लिहिले तर एकाच शब्दाची पाच रूपे होतात आणि नंतर शोधणाऱ्याला एकही सापडत नाही. म्हणून दोन ओळी ठेवणे बरे: वरची कानाची, खालची प्रमाण लेखनाची. वरची ओळ बरोबर लिहायला मात्र त्या गावची बोली कानात असलेला माणूसच लागतो.