लष्करी अळीच्या वाटेचं गणित

अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा सापडली ती मे २०१८ मध्ये, कर्नाटकातल्या शिवमोग्गा भागात, मक्यावर. त्याच वर्षी ती महाराष्ट्रात आली आणि २०१९ च्या मार्चमध्ये थेट मिझोरामच्या मक्यात दिसली. इतक्या वेगाने सरकणाऱ्या किडीची पुढची पावलं संगणकाला आधी कशी कळतात, आणि कुठवर कळतात, हे सावकाश पाहू.

सुरुवात तापमानापासून करावी लागते. कीटकाला स्वतःच्या अंगाची ऊब नसते, त्यामुळे त्याची वाढ कॅलेंडरच्या दिवसांनी चालत नाही, हवेतल्या उष्णतेने चालते. या अळीवर दक्षिण आफ्रिकेत प्रयोगशाळेत झालेल्या अभ्यासात असं आढळलं, की साधारण १२.५ अंश सेल्सिअसच्या खाली तिची वाढ थांबते. त्यावरचा प्रत्येक अंश दिवसाच्या हिशेबात जमा धरायचा. अशी सुमारे ३९० अंश-दिवसांची जमा झाली की अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास पुरा होतो. दिवसाचं सरासरी तापमान २७.५ अंश असेल, तर रोज १५ अंश-दिवस जमा होतात; म्हणजे एक पिढी २६ दिवसांत. तेच सरासरी १८.५ वर आलं तर रोजचे सहाच, आणि पिढीला ६५ दिवस लागतात.

हाच हिशेब टप्प्यांतही मांडता येतो आणि शेतकऱ्याच्या कामाचा भाग तिथेच आहे. अंड्याला सुमारे ३६ अंश-दिवस लागतात, अळीला २०५, कोषाला १५०. कामगंध सापळ्यात पतंग सातत्याने पडू लागले की त्या तारखेपासून मोजणी सुरू करायची. २७.५ अंशांच्या हवेत अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात, पुढचे चौदा दिवस अळीचे. त्यातले पहिले काही दिवस मोलाचे, कारण अळी लहान असते आणि पानांवर खरवडत असते. मोठी झाली की ती पोंग्यात खोल शिरते, वर स्वतःच्या विष्ठेचं बूच बसतं, आणि मग फवारा तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. संगणकातलं हे गणित, म्हणजे प्रतिमान, ज्या दिवसांकडे बोट दाखवतं, ते हे दिवस.

अर्थात ही सरळ रेघ फार वरच्या तापमानात टिकत नाही. २६ ते ३० अंश या किडीला चांगले मानवतात. त्याच्या बरंच पुढे गेलं की मर वाढते. शिवाय हवामान केंद्राचं तापमान आणि पोंग्यातलं तापमान एकच नसतं.

वेळ कळली, आता जागा. संगणक परिसराचे चौकोन पाडतो. प्रत्येक चौकोनात कोणतं पीक, त्याचं वय, तापमान, आणि किडीच्या चारही अवस्थांची संख्या धरलेली असते. रोज रात्री काही पतंग एका चौकोनातून दुसऱ्यात पाठवले जातात. किती दूर, हा इथला कळीचा प्रश्न. बहुतेक पतंग जवळच उतरतात, थोडेच फार दूर जातात. पण हे थोडेच सगळं चित्र बदलतात. ते वगळले, तर कीड ठरावीक वेगाने पुढे सरकताना दिसते. ते धरले, तर पुढच्या भागात सुटी ठिकाणं उगवतात, प्रत्येक ठिकाण भोवती पसरू लागतं आणि एकूण वेग वाढतच जातो. एका रात्रीत कोणता पतंग कुठे पडेल हे नशिबावर असतं, म्हणून तीच गोष्ट संगणकावर हजारो वेळा चालवतात. उत्तर ‘इथे येईल’ असं मिळत नाही. ‘शंभरातल्या इतक्या वेळा आली’ असं मिळतं.

लांबच्या उड्डाणात वारा धरावाच लागतो. याचं मला सर्वांत पटलेलं काम अमेरिकेतलं आहे. तिथल्या कडाक्याच्या थंडीत ही कीड दक्षिण टेक्सास आणि दक्षिण फ्लोरिडातच तगते, कारण तिला सुप्तावस्था नाही. दर वसंतात ती पिढ्यापिढ्यांनी उत्तरेला सरकत कॅनडापर्यंत जाते. धूर आणि प्रदूषणाचा माग काढणारं हायस्प्लिट हे प्रतिमान वापरून संशोधकांनी पतंग वाऱ्यावर सोडून पाहिले. हे काम २०१६ साली प्रसिद्ध झालं. टेक्सास आणि फ्लोरिडाच्या पतंगांमध्ये आनुवंशिक खुणांचं प्रमाण वेगळं असतं, त्यामुळे सापळ्यात सापडलेले पतंग कुठून आले, हे संगणकाबाहेरच्या पुराव्यावर ताडून बघता आलं. अशी स्वतंत्र पडताळणी फार थोड्या प्रतिमानांच्या वाट्याला येते.

आपल्याकडे गणित अवघड आहे. महाराष्ट्राच्या हिवाळ्यात कीड मरत नाही. खरीप, रब्बी आणि उन्हाळी असा मका कुठे ना कुठे उभा असतो, जोडीला ज्वारी आणि ऊस. पिढ्या एकमेकींत मिसळतात, एकाच शेतात अंडी, अळ्या आणि कोष एकदम मिळतात. अशा वेळी मोजणी कोणत्या तारखेपासून धरायची? हंगामाच्या सुरुवातीला अंश-दिवसांचा हिशेब उपयोगी पडतो, नंतर तो धूसर होतो आणि सापळ्यांच्या ताज्या आकड्यांवरच विसंबावं लागतं.

म्हणून माझ्या मते इथे नव्या सूत्रापेक्षा शून्याची नोंद जास्त मोलाची आहे. कीड दिसली की फोटो निघतात, फोन होतात. दिसली नाही की कोणी काही लिहीत नाही. मग नकाशावर कोऱ्या राहिलेल्या गावात कीड नाही की पाहणी झालेली नाही, हे संगणकाला कळायला वाव नसतो, आणि पसरण्याचा वेग चुकीचा निघतो. नोंद साधी चालते: तारीख, पिकाचं वय, पाहिलेली झाडं, कीड लागलेली झाडं, सापळ्यातले पतंग. वीस झाडं पाहिली आणि एकावरही अळी नाही, तर तिथे शून्य लिहायचं, रकाना रिकामा सोडायचा नाही.