जुन्या पटाशीची धार

छंद म्हटला की पोस्टाची तिकिटे, नाणी किंवा आगपेट्यांची चित्रे डोळ्यांपुढे येतात. मी सुतारकामाची जुनी हत्यारे जमवतो असे सांगितले की ऐकणारा क्षणभर थांबतो आणि विचारतो, "पण त्यांचे करायचे काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मला एका चुकीतून मिळाले.

आमच्या घरात सुतारकाम आजोबांपर्यंत चालले. ते गेल्यावर त्यांची पेटी माळ्यावर गेली. काही वर्षांनी मी ती खाली काढली. आत वाकस, करवत, लाकडी रंधा, गुण्या आणि चार पटाश्या होत्या. सर्वांवर तांबडा गंज चढला होता. एका पटाशीचे पाते झिजून जेमतेम तीन इंच उरले होते. त्यावरचा गंज पुसताना इंग्रजी अक्षरे दिसू लागली : 'कास्ट स्टील' आणि खाली 'शेफिल्ड'.

हे 'कास्ट स्टील' म्हणजे आपल्या बिडाचे ओतीव लोखंड नव्हे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये लोखंडाच्या कांबी कोळशाच्या भुकटीत पुरून कित्येक दिवस तापवीत आणि पोलाद करीत. या रीतीत कार्बन वरच्या थरात जास्त व गाभ्यात कमी शिरे. पोलाद एकसारखे होत नसे. बेंजामिन हंट्समन हा घड्याळे करणारा कारागीर. त्याला स्प्रिंगसाठी एकजिनसी पोलाद हवे होते. त्याने 1740 च्या दशकात शेफिल्डजवळ असे पोलाद मातीच्या मुशीत वितळवून ओतण्याची रीत बसवली. वितळल्यामुळे कार्बन सर्वत्र सारखा पसरला आणि मळी वर आली. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ उत्तम हत्यारे याच पोलादाची होत, आणि कारखानदार ते अभिमानाने पात्यावर ठोकत. विसाव्या शतकात विजेच्या भट्ट्या आल्या आणि मुशी मागे पडल्या. म्हणूनच हा शिक्का हत्याराच्या वयाची एक खूण ठरतो.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मुशीतले पोलाद ही हंट्समनच्या कितीतरी शतके आधी दक्षिण भारतात सिद्ध झालेली विद्या होती. युरोपात ते 'वूट्झ' या नावाने ओळखले गेले, आणि 1820 च्या सुमारास मायकेल फॅरडेसारख्या शास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला.

जुन्या पटाशीचे पाते पुष्कळदा संपूर्ण पोलादाचे नसते. पोलाद महाग, म्हणून पाते मऊ लोखंडाचे करून त्याच्या सपाट बाजूस पोलादाची पातळ पट्टी तापवून, ठोकून सांधत. मऊ लोखंड मोगरीचा धक्का सोसते, कठीण पोलाद धार धरते. उतार नीट घासला की दोन धातूंच्या मधली रेघ स्पष्ट दिसते. आपल्याकडचे लोहारही कुऱ्हाडीच्या तोंडाला पोलाद जोडत, त्यामागचे तत्त्व हेच.

एवढे सगळे मला आज माहीत आहे. त्या दिवशी माहीत नव्हते. मी आजोबांची ती पटाशी उचलली आणि विजेच्या सहाणेवर धरली. ठिणग्या उडाल्या, पाते चकाकले, आणि धारेवर सुंदर निळी झाक आली. मोठ्या आनंदाने मी ती आजोबांबरोबर काम केलेल्या एका वृद्ध सुतारकाकांना दाखवली. त्यांनी धारेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "निळं पडलं की पोलाद मेलं बाळा. आता लोण्यात घाल, लाकडात नको."

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. पोलाद लाल करून विझवले की ते कठीण पण ठिसूळ होते. मग ते पुन्हा थोडे तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. पटाशीला गवती पिवळा रंग येईपर्यंत, म्हणजे साधारण 220 ते 230 अंश सेल्सिअसपर्यंतची ऊब पुरते. निळा रंग 300 अंशांच्या आसपास येतो. तेथे पोलाद इतके मऊ होते की धार टिकत नाही. उपाय एकच होता : निळा पडलेला भाग पाण्याच्या दगडावर हाताने घासून काढणे. त्यात दोन सूत, म्हणजे पाव इंच, पाते गेले. तीन इंचांतले पाव इंच! आजोबांनी जन्मभर जपून वापरलेले पोलाद मी काही मिनिटांत घालवले.

तेव्हापासून माझी रीत ठरली आहे. प्रथम मूठ काढून ठेवायची. पाते धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला जोडायचे आणि धन टोकाला साध्या लोखंडाचा तुकडा लावायचा. काही तासांत गंज सुटतो, चांगले लोखंड खाल्ले जात नाही. हे काम उघड्यावर करावे, कारण हायड्रोजन वायू निघतो; आणि धन टोकाला स्टेनलेस स्टील कधी लावू नये, त्यातील क्रोमियममुळे पाणी विषारी होते. तांबडा गंज घालवावा, पण त्याखालचा काळपट थर राहू द्यावा. शिक्क्यावर पॉलिशपेपर फिरवू नये.

धार म्हणजे दोन पृष्ठांची भेट. म्हणून उताराइतकीच मागची बाजूही सपाट हवी; मात्र टोकाजवळचा इंचभर भाग पुरे. काचेवर पॉलिशपेपर ठेवून तो घासावा. मग उतार सुमारे 25 ते 30 अंशांत धरून दगडावर चालवावा. मागे बोटाला बारीक कोर लागली की ती अलगद काढावी. मूठ फुटली असेल तर बाभळीची किंवा शिसवीची नवी करावी. शाबूत असेल तर तिला फक्त जवसाचे तेल द्यावे. हाताच्या घामाने आलेली तिची झळाळी घासून घालवणे म्हणजे पोथीवरची समासातली टिपणे पुसण्यासारखे आहे.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात अशी हत्यारे अजून सापडतात. भंगारात ती वजनावर जातात. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या 'गावगाडा' या ग्रंथात आपण बलुतेदारांविषयी वाचतो. त्या सुतारांच्या हातातले लोखंड मात्र आपल्या डोळ्यांदेखत वितळायला जाते.

तेव्हा "त्यांचे करायचे काय?" याचे माझे उत्तर असे : त्यांनी काम करायचे. गेल्या दिवाळीत घराच्या दाराची कुजलेली चौकट बदलली. तिच्या सागवानी कुसूसाठी खाच मी आजोबांच्या त्याच पटाशीने घेतली. पाते आता पावणेतीन इंच आहे. सुतारकाकांनी सांध्यात नख घालून पाहिले, ते शिरले नाही. ते काही बोलले नाहीत. पटाशी पुसून, तेलाचा हात लावून त्यांनी ती माझ्या हाती दिली.