जुन्या आऊटबोर्ड मशीनचा गिअर : आधी निदान, मग खर्च

आमचा धंदा कापडाचा आहे. मशीन दुरुस्ती हा आमचा पेशा नव्हे. परंतु खाडीकाठच्या बाजारात दुकान असल्यामुळे आमचे निम्मे गिऱ्हाईक होडीवाले आहे. त्यांची मशीन बंद पडली की आमची उधारीही बंद पडते. त्यामुळे चांगल्या मिस्त्र्यांच्या शेजारी बसून या कामाची जी माहिती आम्ही मिळविली, ती वाचक बंधूंसमोर ठेवीत आहोत.

काही वर्षांपूर्वी एक जुने गिऱ्हाईक चिंतातुर होऊन आले. म्हणाले, "शेठ, गिअर पडतो, मशीन ओरडते, पण होडी जागची हलत नाही. मिस्त्री म्हणतो, खालचा पूर्ण गिअरबॉक्स बदला." आम्ही त्यांना दुसऱ्या एका वयस्कर कारागिराकडे नेले. त्यांनी पंखा काढला आणि तुटलेली एक छोटी पिन हातावर ठेवली. गिअरबॉक्स अगदी चांगला होता. काही रुपयांच्या पिनेसाठी गिऱ्हाईक हजारो रुपये मोजायला निघाले होते. निदान न करता खर्च करणे म्हणजे काय, हे त्या दिवशी आम्हाला कळले.

प्रथम या गिअरची रचना समजून घेऊ. पूर्वीच्या बहुतेक आऊटबोर्डला गिअर नसे. मागे जायचे असल्यास संपूर्ण मशीनच उलटे फिरवावे लागे. अमेरिकेतील जॉन्सन कंपनीने १९४९ साली १० अश्वशक्तीचे 'क्यूडी' हे मशीन आणले. त्यात पुढे, न्यूट्रल आणि मागे असा पूर्ण गिअर होता व इंधनाची टाकी वेगळी होती. पुढे हीच पद्धत सर्वत्र रूढ झाली. एव्हिनरूड हे नावही त्याच घराण्यातले. या नावाच्या मशीनांचे उत्पादन २०२० साली बंद झाले, तरी जुनी मशीने आजही चालताना दिसतात.

मशीनच्या खालच्या भागात तीन दातेरी चाके असतात. वरून येणाऱ्या उभ्या शाफ्टला एक लहान चाक असते. ते पंख्याच्या शाफ्टवरील दोन चाकांना एकमेकांच्या उलट दिशेने फिरवीत राहते. ही दोन चाके शाफ्टवर मोकळी असतात. त्यांच्या मधोमध एक जाड कडे असते, त्याला मिस्त्री 'क्लच डॉग' म्हणतात. हे कडे शाफ्टबरोबर फिरते, पण पुढेमागे सरकू शकते. लिव्हर ओढले की एक उभी दांडी या कड्याला सरकविते व कड्याचे खांब एका चाकाच्या खांबांत अडकतात. पुढच्या चाकात अडकले तर होडी पुढे, मागच्या चाकात अडकले तर मागे. मध्येच राहिले तर न्यूट्रल. सगळा खेळ या एका कड्याचा आहे.

आता तक्रारीवरून दोष कसा ओळखावा ते पाहू. हात लावण्यापूर्वी प्लगच्या तारा काढून ठेवाव्यात. पंखा हाताने फिरविताना मशीन अचानक चालू झाले तर बोटे जातील.

पहिली तक्रार, गिअर पडतो पण होडी हलत नाही. अशा वेळी प्रथम पंखा पाहावा. लहान जुन्या मशीनांत पंखा एका पिनेवर अडकलेला असतो. दगडाला आपटल्यास गिअर वाचावेत म्हणून ही पिन मुद्दाम तुटते. तिच्या जागी पोलादी खिळा कधीही ठोकू नये. पुढच्या वेळी पिनेऐवजी गिअरच तुटेल. मोठ्या मशीनांत पंख्याच्या आतील रबर घसरते, तेही तपासावे.

दुसरी तक्रार, लिव्हर हलते पण गिअर पडत नाही. बहुतेक वेळा दोष वरच असतो. उभी दांडी अनेक मशीनांत दोन तुकड्यांची असून मधल्या जोडाचा बोल्ट ढिला होतो किंवा पडून जातो. लिव्हरचे सांधे व केबल गंजतात. हे सर्व तपासून, गंज काढून ग्रीस लावावे. बंद मशीनवर गिअर टाकताना एका हाताने पंखा फिरवावा. कारण खांबासमोर खांब आला तर गिअर पडत नाही, आणि जोर केला तर दांडी वाकते.

तिसरी तक्रार, जोर दिला की 'कट-कट' आवाज होऊन गिअर सुटतो. येथे दोन कारणे संभवतात. दांडीचे माप चुकले असेल तर कडे पूर्ण अडकत नाही. म्हणून न्यूट्रलमध्ये कडे बरोबर मध्यावर येईल असे माप प्रथम लावून पाहावे. तरीही गिअर सुटत असेल, तर खांबांचे कोपरे गोल झाले आहेत असे समजावे. मग उघडण्यावाचून इलाज नाही. काही मशीनांत कड्याच्या दोन्ही बाजू सारख्या असतात. तेथे ते उलटे बसवून कमी झिजलेली बाजू पुढच्या गिअरला वापरता येते. पण समोरच्या चाकाचे खांबही झिजले असतील, तर तेही बदलावे.

येथे एक मोठी चूक सांगणे जरूर आहे. जॉन्सन व एव्हिनरूडच्या अनेक जुन्या मशीनांत तेल काढण्याच्या रुंद स्क्रूजवळच अधिक चिन्हाच्या खाचेचा आणखी एक स्क्रू असतो. तो तेलाचा नव्हे. गिअरचा आतला काटा त्यावर डोलतो. तेल बदलताना तो काढला की काटा जागचा हलतो आणि चांगले मशीन उघडण्याची पाळी येते.

तेल काढल्यावर ते दुधासारखे पांढरे दिसले तर आत पाणी जात आहे. सील न बदलता नुसते तेल बदलणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. नवे तेल खालच्या भोकातून भरावे. वरच्या भोकातून ते बाहेर येऊ लागले की आधी वरचा स्क्रू लावावा, मग खालचा. साध्या लिव्हरच्या गिअरला ९० नंबरचे गिअर तेल चालते. विजेवर पडणाऱ्या गिअरच्या जुन्या मशीनांना मात्र ते चालत नाही, त्यांना कंपनीने सांगितलेले पातळ तेलच लागते.

खालचा भाग उतरविला असेल तर पाण्याच्या पंपातील रबरी चक्रही तपासून घ्यावे. परत बसविताना शाफ्टच्या दात्यांच्या बाजूला ग्रीस लावावे, टोकावर नको. टोकावरच्या ग्रीसमुळे शाफ्ट पूर्ण वर जात नाही. नंतर पाण्याच्या पिंपात मशीन चालवून पाहावे, कोरडे कधीही चालवू नये.

हे कडे झिजते तरी का? बहुतांशी आपल्याच सवयीमुळे. 'हळू टाकला तर गिअर टिकेल' असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात उलट आहे. हळूहळू टाकल्याने खांब एकमेकांवर घासतात व कोपरे जातात. मशीन अगदी मंद करावे आणि गिअर एका झटक्यात टाकावा.

खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत असताना गिअर सुटला तर प्रश्न पैशाचा राहत नाही, होडीतील माणसांच्या जिवाचा होतो. म्हणून 'कट-कट' ऐकू आल्यावर 'हा हंगाम निघून जाईल' असे म्हणू नये.

आमच्या कारागीर बंधूंनाही एक विनंती आहे. पिन, जोड, माप, तेल आणि शेवटी गिअरबॉक्स, या क्रमाने तपासा व काढलेला झिजका भाग गिऱ्हाईकाच्या हातात द्या. कापडाच्या धंद्यात आम्ही ताग्याचे टोक उलगडून दाखवितो. ज्याने माल उघडून दाखविला, त्याच्याकडेच गिऱ्हाईक परत येते.